सोबत्याचं प्रतिज्ञापत्र

"हिला दिसत नाही," नवरा म्हणाला, आणि नेमक्या त्याच वेळी तिला शाईच्या बाटलीचं बूच दिसलं. निळं बूच, कडेला दातांच्या खुणा. सकाळी घाईत कुणीतरी ते दातांनी उघडलं असणार. बाटलीशेजारी कारकुनाचा डबा होता, डब्याखाली मतदारांची यादी होती आणि यादीवर तेलाचा एक गोल डाग पडला होता, तो चार नावं खाऊन बसला होता. कारकुनाने मान वर न करताच खालच्या गठ्ठ्यातून एक छापील कागद ओढला. ‘सोबत्याचे प्रतिज्ञापत्र’ असं वर मोठ्या अक्षरांत होतं आणि ती ओळ तिरकी छापली गेली होती. इतकी तिरकी ओळ तिच्या हातून कधी पुढे गेली नसती. "अजिबातच दिसत नाही का?" कारकुनाने विचारलं. त्याने तिला विचारलं नाही, नवऱ्याला विचारलं. "नसल्यातच जमा," नवरा म्हणाला, "ऑपरेशन केलं मागच्या महिन्यात. पण काही उपयोग झालेला दिसत नाही." आणि खिशातून पेन काढून, चष्मा कपाळावरून खाली ओढून, त्याने सोबत्याच्या नावापुढे आपलं नाव घातलं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. अक्षर अजून तसंच, शिक्का मारल्यासारखं. ती काळा चष्मा घालून त्याच्या डाव्या हाताला उभी राहिली आणि त्याचं अक्षर वाचत राहिली. ‘मी सदर मतदाराच्या इच्छेनुसार मत नोंदवीन व ते गुप्त ठेवीन.’ त्याखाली सही.

तोंड उघडायला हवं होतं. खरं तर आज सकाळी निघताना तिने ठरवलं होतं की टेबलाशी आल्यावर हळूच म्हणायचं, अहो, राहू द्या कागद, मला दिसतंय. नवरा दचकेल, मग हसेल, टेबलामागची माणसं हसतील, आणि ती एकटी पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन सहा वर्षांनी पहिल्यांदा आपलं मत आपण देईल. असलं काहीतरी गोड गोड तिने मनात शिजवलं होतं. पण अठरा दिवस खोटं बोललेल्या माणसाला एका वाक्यात खरं बोलता येत नाही. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, बघा, आता कसं दिसतंय. नवरा तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभा होता. लख्ख दिसत होतं. डॉक्टरच्या नाकावरचा तीळसुद्धा. घरी येऊन तिने दिवाणखान्यात पाऊल टाकलं, नवऱ्याने दिवा लावला आणि तो वळला. बाप रे, किती म्हातारा! गालांची पिशवी झालेली, कानांतून पांढरे केस, डोळ्यांखाली काळं. सहा वर्षं ती ज्या आवाजाबरोबर राहिली तो आवाज साठीतल्या ताठ माणसाचा होता, आणि समोर हा कोण उभा? "काय गं, दिसतंय का काही?" त्याने विचारलं. "धुरकटच आहे," ती म्हणाली. तेवढा एक दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं मनाशी म्हणाली. उद्याचा परवा झाला. आणि मग तिला चटक लागली. लपून बघण्याची चटक लागली की सुटत नाही. नवरा मुरांब्याच्या बरणीत चमचा घालून चाटायचा आणि तोच चमचा परत बरणीत. स्वतःला तीन बिस्किटं घ्यायचा, तिला दोन द्यायचा आणि म्हणायचा, संपली बघ, आणायला हवीत. आरशासमोर उभा राहून छाती काढायचा आणि पुन्हा सोडून द्यायचा. एकदा दुपारी खिडकीशी बसून तो उगाचच रडला, बराच वेळ, आवाज न करता, आणि ती चार हातांच्या अंतरावर, रिकामी टोपली पुढ्यात घेऊन, भाजी निवडल्यासारखी बोटं चाळवत त्याच्याकडे टक लावून बघत बसली. उठून जवळ जावं असं तिला वाटलं नाही. मजाच वाटली, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं होतं.

पण मताच्या बाबतीत मात्र तिचा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता. बिस्किटाचं सोडा, बिस्किटात कोण मारत नाही. मत ही वेगळी गोष्ट. डोळे गेल्यापासून तीन निवडणुका झाल्या होत्या आणि तिन्ही वेळा आदल्या दिवशी जेवताना तो तिला रीतसर विचारायचा. कालही विचारलं होतं. "सांग बाई, उद्या कोणाला?" "पाळणाघरवालीला." "पडणार ती." "पडू दे की. मत माझं आहे ना?" "तुझंच. मी कुठे नाही म्हणतोय? डोळे माझे, बोट तुझं." हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो दुसऱ्या बाजूचा, पंख्याच्या चिन्हावर गेली वीस वर्षं निवडून येणाऱ्या माणसाच्या बाजूचा. दोघांची यावरून कडकडून भांडणं व्हायची आणि त्याचे मित्र चेष्टा करायचे, साहेबांच्या घरात दोन पक्ष आणि एकच मतदार. तिला ती चेष्टा फार आवडायची. जावेला फोन करून ती मुद्दाम सांगायची, आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने माझं बोट धरून विरुद्ध मत द्यायला लावलं हो, असा नवरा दाखव. सहा वर्षांत भाजी त्याने आणलेली, साडी त्याने काढून दिलेली, बातम्या त्याने वाचून दाखवलेल्या. त्याने गाळलेल्या बातम्या जगात घडल्याच नाहीत. त्या सगळ्यात एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती, की ती त्याच्या विरुद्ध होती आणि ते मोजलं जात होतं. पाळणाघरवालीला ती नीट ओळखतही नव्हती. खालच्या आळीत वीस-पंचवीस पोरं सांभाळणारी, घोगऱ्या आवाजाची बाई. मतदान केंद्र शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर नेलं तेव्हा ही बाई तीन दिवस कचेरीच्या दारात बसून राहिली. म्हाताऱ्या बायकांनी जिने चढायचे की तुमच्या साहेबांनी त्यांना उचलून न्यायचं, ते लिहून द्या, म्हणाली. तळमजल्याची खोली मिळाली. मग बाईला वाटलं, एवढं जमलं तर उभंच राहू. बादली चिन्ह मिळालं. त्यावरही नवऱ्याने विनोद केला होता.

कारकुनाने तिचं डावं बोट धरून त्याला शाई लावली. मग नवऱ्याचं उजवं बोट मागितलं. सोबत्याच्या उजव्या बोटाला लावतात, म्हणजे त्याला दुसऱ्या कुणाचा सोबती होता येत नाही. डाव्या बोटाला त्याच्या स्वतःच्या मताची शाई सकाळीच लागली होती. दोन्ही हात पुढे धरून तो म्हणाला, "घ्या, आता मी दोन्ही हातांनी रंगलो." टेबलाशी सगळे हसले. "दोन मिनिटं थांबा," कारकून म्हणाला, आत एक बाई होती आणि तिला बटण सापडत नव्हतं. ती थांबली. समोर भिंतीवर यादीची पानं चिकटवली होती. बारीक टाइप, तीन रकाने, प्रत्येक चौकटीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. तिची नजर सवयीने वरून खाली उतरायला लागली. मुद्रणालयात एकतीस वर्षं प्रुफं वाचली होती तिने. तेविसाव्या वर्षी लागली आणि पहिलंच मोठं काम आलं ते मतदारांच्या यादीचं. एक म्हातारा वाचक मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचा आणि ती लाल पेन्सिल घेऊन प्रुफावरून नजर फिरवायची. क्रमांक एकशे नव्वद, गवंड्याची बायको, वय तीस. क्रमांक एकशे एक्याण्णव, पोस्टमनची आई, वय साठ. क्रमांक एकशे ब्याण्णव, त्याचीच बायको. त्यांना नावंच नव्हती. नोंद करायला गेलेले पुरुष दारात उभे राहून विचारायचे, नाव काय बाई, आणि दार अर्धवट लावून आतून उत्तर यायचं, ह्यांच्या घरची. परक्या पुरुषाला आपलं नाव कशाला सांगायचं? त्यांनीही तसंच लिहून घेतलं. मग वरून हुकूम आला, ज्या बाईचं स्वतःचं नाव नाही ती नोंद अपुरी, काढून टाका. एका प्रभागात दोनशे बारा निघाल्या. वाचक म्हणाला, बरं झालं, काम हलकं झालं. तिने एका दुपारीत दोनशे बारा ओळींवरून लाल पेन्सिल ओढली आणि मुख्य मुद्रितशोधकाने पाठ थोपटली, म्हणाला, पोरीचा हात साफ आहे.

एकशे सत्त्याहत्तरावी ओळ शिंप्याची बायको, वय पन्नास, अशी होती. त्या शिंप्याच्या घराचा क्रमांक तिच्याच घराचा होता. म्हणजे ती तिची आई. लाल पेन्सिल थांबली असं सांगायला तिला आवडलं असतं. पेन्सिल फारशी थांबली नव्हती. आईचं नाव तिला माहीत होतं, अर्थातच माहीत होतं, समासात लिहायला चार अक्षरं लागली असती. पण पहिल्याच दिवशी मुख्य शोधकाने शिकवलं होतं, मूळ कागदात जे नाही ते घालायचं नाही. आपण वाचणारे, लिहिणारे नव्हे. आणि ती नोकरीत नवी होती, आणि वाचक पुढची ओळ वाचायला लागला होता. दुरुस्तीला आठ दिवस होते. बाईने स्वतः कचेरीत जाऊन नाव सांगितलं की पुरे. संध्याकाळी आईला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे, आई, मी तुला खोडलं, हेही सांगावं लागलं असतं. आई त्या वेळी कपड्यांना काजं करत बसलेली असायची, तोंडात दोरा. आठ दिवस तिने तो दोरा बघितला आणि नवव्या दिवशी म्हणाली, आता काय उपयोग. मतदानाच्या दिवशी आईने ठेवणीतले कपडे काढले, शेजारणींबरोबर गेली, आणि अर्ध्या तासात परत आली. कपडे घडी घालून ठेवले. "नाव नाही म्हणाले. असेल काहीतरी. पुढच्या वेळी," म्हणाली आणि काजं करायला बसली. पुढच्या वेळेच्या आधीच ती गेली. या गोष्टीचं तिने कधी रडून भांडवल केलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. फक्त कुणी तिच्या हाताची तारीफ केली की तिला घाम फुटायचा.

"चला आजी, जा आत," कारकून म्हणाला. नवऱ्याने तिचा दंड धरला. आडोसा म्हणजे तीन बाजूंनी पुठ्ठा. त्यावर शाळेतल्या कुणीतरी पेन्सिलीने एक नाक काढलं होतं. आत यंत्र, वर सहा चिन्हं, सहा निळी बटणं. काळ्या चष्म्यातून तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. वर पंखा. मग शिडी. मग तिसरी बादली. बादलीच्या कडीचा बाकसुद्धा दिसत होता. आता बोलायचं, असं ती मनात म्हणाली. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, थांब, बघू तर काय करतो. पुढे तिने कितीदा तरी या दुसऱ्या मनाला शिव्या दिल्या. प्रूफ तपासायची सवय तिने इथे आणली, आणि इथे प्रूफ नव्हतं, इथे एकदा उमटलं की छापून मोकळं. नवऱ्याने तिचं शाई लावलेलं बोट आपल्या दोन बोटांत धरलं, नेहमी धरायचा तसं, अगदी हळुवार, आणि वर नेलं. पंख्यासमोरच्या बटणावर नेऊन टेकवलं.

तिला आधी कळलंच नाही. वाटलं, चुकलं, आता खाली आणेल. बोट बटणावर टेकलेलं होतं आणि तो थांबला होता. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. त्याचा श्वास तिच्या कानाला लागत होता, मुरांब्याचा वास येत होता. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर सरळ यंत्रावर होती, चेहऱ्यावर काहीही नव्हतं, काटा स्थिर व्हायची वाट बघत असावा तसा. म्हणजे चुकलेलं नव्हतं. म्हणजे मागच्या वेळीही. आणि त्याच्या आधीही. आणि त्याच्या आधीही, जेव्हा ती घरी येऊन जावेला फोन करत होती तेव्हा हा शेजारी बसून हसत होता, आणि ती म्हणत होती, असा नवरा दाखव. हात झटकायचा होता. दोन बटणं खाली, एवढंच. पण हात झटकला की तो वळणार, आणि म्हणणार, म्हणजे तुला दिसतंय. आणि मग बरणी, बिस्किटं, आरसा, खिडकीशी बसून रडणं, सगळे अठरा दिवस एकदम बाहेर पडणार. ती चोर होती ना! चोराने चोराला कसं पकडायचं? आणि खरं सांगायचं तर बोटही तिचं ऐकेना. सहा वर्षांत ते त्याच्या हातात मऊ पडायला शिकलं होतं. ती उभी राहिली आणि वाचत राहिली, पंखा, शिडी, बादली, पंखा, शिडी, बादली, आणि बोट खाली गेलं, आणि यंत्र लांबलचक वाजलं. "लागली बादली," तो तिच्या कानात म्हणाला. प्रेमाने म्हणाला.

आडोशातून बाहेर चार पावलं आल्यावर तिचे पाय थांबले. दाराशेजारी केंद्राध्यक्ष बसली होती, तिशीतली मुलगी, बहुतेक शाळेतली शिक्षिका, डोळे तारवटलेले. "बाई, मला मत द्यायचंय," ती म्हणाली. "आजी, आत्ता दिलंत की." "ते माझं नव्हतं." केंद्राध्यक्षेने पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. "ऑपरेशनपासून जरा असं होतं," नवरा म्हणाला. आवाजात काळजी होती, तीही खरी वाटावी अशी. "मी बादली सांगितली होती," ती म्हणाली, "ह्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं." रांगेतली कुजबूज थांबली. "आजी, तुम्हाला कसं कळलं?" केंद्राध्यक्षेने विचारलं. तिचा हात काळ्या चष्म्याकडे गेला. मुलगी उठून जवळ आली, आवाज खाली आणला, वाईट नव्हती ती. "नीट ऐका. तुम्हाला दिसत असेल तर आत्ता सांगा. पण मग ह्या कागदावरची ह्यांची सही खोटी ठरते. मला पोलिसांना बोलवावं लागेल. ह्यांना इथेच बसवून ठेवतील, तुमचा जबाब होईल, केस होईल. आणि आजी, एवढं करूनही मत परत मिळायचं नाही. यंत्रात गेलेलं बाहेर काढता येत नाही कुणाला." नवऱ्याच्या दोन्ही हातांची शाई लावलेली बोटं विजारीच्या शिवणीवर टेकलेली होती. "अहो, आम्ही पोरं घेऊन उभ्या आहोत," रांगेतून एक बाई म्हणाली. तिच्या मागची म्हणाली, "घरी जाऊन भांडा की आजी. नवराबायकोचं काय ते." दोघीतिघी हसल्या. एक पोर त्यांचं बघून हसलं.

"नाही," ती म्हणाली. "काय नाही?" "दिसत नाही." केंद्राध्यक्षेने सुटकेचा श्वास टाकला. "एवढ्या लोकांसमोर बोललात तर आता मला नोंद करावी लागेल आजी, नाहीतर उद्या माझी नोकरी जाईल." तिने वहीत लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, मतदाराने स्वतः सांगितले की तिला दिसत नाही व सोबत्याबद्दल तक्रार नाही. मग वही पुढे सरकवली आणि शाईचं पॅड उघडलं. तिने पेनाकडे हात केला होता. एकतीस वर्षं तो हात कागदाकडे तसाच जात आला होता. "राहू द्या, अंगठाच द्या, तुम्हाला कुठे सही जमणार," मुलगी म्हणाली आणि तिचा अंगठा धरून पॅडवर दाबला, वहीवर दाबला, मग आपल्या रुमालाने पुसून दिला. वहीतल्या वाक्यात दोन चुका होत्या. तिने त्या वाचल्या आणि तशाच ठेवल्या.

बाहेर, जिथपर्यंत उमेदवाराला यायची परवानगी असते त्या चुन्याच्या रेघेपलीकडे, पाळणाघरवाली उभी होती. कडेवर एक पोर, दुसरं पदराला. बाई धावत आली, तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, आलात! मी म्हणत होते ना सगळ्यांना, खोली खाली आणा, बघा म्हाताऱ्या कशा येतात ते. सकाळपासून एकेचाळीस आल्या. तुम्ही बेचाळिसाव्या." "दिलं हो, दिलं तुम्हालाच," नवरा म्हणाला, "हिने काल रात्रीपासून घोकलंय, बादली, बादली." पाळणाघरवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, तुम्ही स्वतः तिकडचे असून आणलंत. अशी माणसं राहिली नाहीत." तिने वाकून नवऱ्याला नमस्कार केला. त्याने कडेवरच्या पोराच्या गालाला हात लावला. ती काळ्या चष्म्याआडून त्या बाईचा चेहरा बघत होती, ओठावर फुटलेला तापाचा फोड बघत होती, आणि तिच्या मनात आलं, की हिला खरं सांगण्याचा हक्कसुद्धा मी आत्ता अंगठा देऊन आले. पाळणाघरवाली म्हणाली, "आजी, जपून जा." ती म्हणाली, "हो."

घर दहा मिनिटांवर. तो नेहमीसारखा सांगत चालला होता, पायरी आहे, खड्डा आहे, कुत्रं झोपलंय, आणि ती नेहमीसारखी पाय उचलत होती, वळत होती. अंगात ताप भरावा तसा राग भरला होता आणि तो कुठून बाहेर काढावा ते कळत नव्हतं. आपल्या आळीच्या तोंडाशी लोखंडी जाळी उखडली होती. तो काही बोलला नाही आणि ती आपली आपणच बाजूने गेली. तो थांबला. "आता पुरे," तो म्हणाला. "काय पुरे?" "हा खेळ. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." तिने वळून जाळीकडे बघितलं. "दिवा लावून मी वळलो आणि तू माझ्याकडे बघून दचकलीस," तो म्हणाला. "आंधळं माणूस चेहरा बघून दचकत नाही. इतका ओंगळ झालोय का गं मी?" तिला नाही म्हणायचं होतं, पण म्हणवेना. "अठरा दिवस तू मला बघत होतीस. फुकट. मी खिडकीशी बसलो होतो तेव्हाही. वाटलं, आता उठेल, आता येईल. तू भाजी निवडत बसलीस. टोपलीत भाजी तर नव्हतीच."

"म्हणून असं केलंत?" तिने विचारलं. "मागच्या तीन वेळी तर मला दिसत नव्हतं." "मागच्या वेळचं मागे," तो म्हणाला, जणू दुसऱ्याच कुणाचं असावं. "आज तर दिसत होतं ना? मी बटणावर बोट टेकवलं आणि थांबलो. दहापर्यंत मोजलं मनात. तू झटकशील म्हणून. झटकलं असतंस तर मी गप्प बसलो असतो, देवाशपथ." त्याने चाव्या काढल्या, कुलूप उघडलं, तिला आत जायला वाट दिली. "चौतीस वर्षं दुकानं तपासली मी. गिऱ्हाईकाची पाठ असताना मापात मारलं तर ती चोरी. गिऱ्हाईक समोर उभं राहून बघतंय आणि बोलत नाही, तर मग ती त्या दुकानाची रीत. तिथे आम्हीसुद्धा काही करू शकत नव्हतो." मग चपला काढता काढता, सहज, पाठमोराच म्हणाला, "आणि एक सांगू? मी धरलं होतं फक्त. दाबलं मी नाही."

ती दाराशी उभी राहिली आणि तिने ते बोट डोळ्यांसमोर धरलं. नखावर शाई, पेरावर शाई. खाली जाताना त्याच्या बोटांचा दाब होता की नव्हता? तिने डोळे मिटून आठवून पाहिलं, उघडून आठवून पाहिलं. त्याचा श्वास आठवला, वास आठवला, रडणारं पोर आठवलं. दाब आठवेना. तो खोटं बोलत असेल. तो खोटंच बोलत असणार, तीन वेळा बोलला होता. पण दाब आठवत नव्हता. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अगं," त्याने हाक मारली, "आता दिसतंच आहे तर चहा तू टाक. सहा वर्षं मीच टाकतोय."

ती आत गेली. चष्मा काढून ओट्यावर ठेवला आणि दोन कप पाणी मोजून घेतलं.